वहीतले गोल

माझ्या एका सवयीला तुम्ही दोघं हसता. रविवारचं आपलं व्हिडिओवरचं बोलणं संपलं, की मी लगेच मेसेज पाठवते, ‘शेवटचं वाक्य पोचलं का?’ मागच्या रविवारी धाकटीनं विचारलंच, “आजी, तू आधी कुरियर कंपनीत होतीस का?”

नव्हते. ही सवय माझी नाहीच. ती मी एका माणसाकडून उचलली. त्या माणसाबद्दल तुमच्या बाबालाही मी अर्धंच सांगितलं आहे. उरलेलं अर्धं आता लिहून ठेवते, कारण ते तोंडानं सांगायला लागले की मी दुसरंच काहीतरी बोलते.

त्यांचं नाव लिहीत नाही. लिहायचं तर त्यांना विचारायला हवं, आणि ते सध्या कुठं आहेत हे मला माहीत नाही. ऑफिसात त्यांच्या पाठीमागं सगळे त्यांना ‘कोपरेसाहेब’ म्हणत. कारण कुठल्याही खोलीत शिरले, की ते आधी चारी बाजूंना बघत आणि तिथली सगळ्यात वाईट जागा शोधून तिच्यावर बसत. मीटिंगला खांबामागची खुर्ची त्यांची. हॉटेलात हात धुवायच्या बेसिनशेजारचं टेबल त्यांचं. आमच्या अकाउंटंटच्या लग्नात सगळे पंख्याखाली बसले होते आणि हे मांडवाच्या पार शेवटी, आचाऱ्यांच्या पातेल्यांपाशी उभे राहून मंगलाष्टकं ऐकत होते. नंतर आहेर देताना नवरदेवाला म्हणाले, “अभिनंदन. तिसरं कडवं मागं पोचलं नाही.”

मी एकदा विचारलं, “अहो, तुम्हाला चांगली जागा मिळाली तर त्रास होतो का?”

“चांगल्या जागी काय कळणार मॅडम? तिथं सगळंच येतं. इथं आलं, तर समजायचं सगळीकडं आलं.”

फोनवर ते कधी ‘हॅलो’ म्हणत नसत. उचलला की पहिला शब्द, “पोचतंय?” समोरचा ‘हो’ म्हणाला तरच पुढचं बोलणं. आणि फोन ठेवण्याआधी, “शेवटचं वाक्य पोचलं का?”

त्या वर्षांत पुण्यात कुठल्याही इमारतीच्या वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअरची पाटी असे. आमची पाटी कर्वेनगरात होती, खाली हार्डवेअरचं दुकान आणि तिसऱ्या मजल्यावर आम्ही तीसेक माणसं. मी शाळेतली इंग्रजीची नोकरी सोडून तिथं लागले होते. इंजिनिअर लोकांचं इंग्रजी दुरुस्त करायचं, त्यांचे अहवाल नीट मांडायचे, तक्ते आखायचे, हे माझं काम. व्यवस्थितपणाबद्दल मला कुणी नावं ठेवू शकत नसे. तुम्ही माझे मसाल्याचे डबे पाहिलेच आहेत.

कंपनीचं काम तुम्हाला समजावते. तुमचा बाबा म्हणेल, आजीनं सोपं करताना चुकीचं केलं, म्हणू दे. मोबाइलवर तुम्ही काही बघता, तेव्हा मनोरा, म्हणजे मोबाइलचा टॉवर, तुम्हा प्रत्येकाला ते वेगवेगळं पाठवतो. शंभर जण एकच सामना बघत असले तरी शंभरदा पाठवतो. मग जाळं तुंबतं. आम्ही करत होतो ते वेगळं होतं. मनोऱ्यानं एकदाच पाठवायचं आणि ज्याला हवं त्यानं घ्यायचं. वर्गात शिक्षिका श्रुतलेखन घालते ना, तसं. ती एकदाच वाचते, साठ मुलं लिहितात.

पण या श्रुतलेखनात हात वर करून ‘बाई, परत सांगा’ म्हणायची सोय नसते. मागच्या बाकावरच्याचा शब्द सुटला, तर सुटला. बाईंना ते कळतही नाही. मग उपाय काय? प्रत्येक वाक्य हळू, दोनदा वाचायचं. मागच्याला पोचतं, पण तेवढ्या तासात धडा कमी होतो. मोबाइलच्या भाषेत, चित्र लांबवर पोचतं पण जाडंभरडं दिसतं. पुढच्या बाकाला चित्र सुरेख हवं असतं आणि मागच्या बाकाला ते नुसतं यायला हवं असतं. आमच्या ऑफिसातली सगळी भांडणं या एका वाक्यात बसतात, आणि कोपरेसाहेब त्यात कायम मागच्या बाकाचे वकील.

दुसरा उपाय, दोन-तीन मनोऱ्यांनी तेच वाक्य एकाच क्षणी म्हणायचं, म्हणजे आवाज मोठा होतो. हे समजावायला त्यांनी एकदा सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. रिसेप्शनवरच्या मुलीला एका कोपऱ्यात उभं केलं, अकाउंटंटला समोरच्या. दोघांच्या हातात वर्तमानपत्रातली एकच बातमी दिली, गुरुवारी पाणी बंद राहणार असल्याची. “आता एकदम वाचा.” दोघांनी एका सुरात वाचलं तेव्हा शेवटच्या खुर्चीपर्यंत प्रत्येक पेठेचं नाव स्वच्छ ऐकू आलं. मग त्यांनी अकाउंटंटला दोन शब्द मागून सुरू करायला सांगितलं. नुसता गलका. कुठलं पाणी आणि कुठली पेठ!

“कळलं? दोघंही खरंच बोलतायत. पण वेळ चुकली, की खरंही कळत नाही.”

मागून कुणीतरी म्हणालं, “साहेब, पाणी गुरुवारी बंद आहे ना? एवढंच सांगा.”

ते हसले नाहीत. “तुम्ही कुठं बसला होतात?” असं विचारून त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्यांच्या वह्या म्हणजे शाळेच्या दोनशे पानी वह्या, खाकी कव्हर घातलेल्या. शहरात तीन-चार मनोऱ्यांवरून आमचं चाचणीचं प्रक्षेपण चाले. त्यात दिवसभर एकच चित्र असे, ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ. सेकंदकाटा सरळ फिरला तर चित्र नीट येतंय. उड्या मारल्या तर मधले तुकडे हरवतायत. कोपरेसाहेब खांद्याला घडीचं स्टूल, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चाचणीचा जाडजूड फोन घेऊन पुणंभर हिंडत आणि ते घड्याळ बघत. छत्री पडद्यावर ऊन येऊ नये म्हणून.

कर्वेनगरातल्या एका सोसायटीत ते तळघरातल्या पार्किंगमध्ये ड्रेनेजच्या झाकणाशेजारी स्टूल टाकून बसले होते. मी त्या दिवशी बरोबर होते, टिपणं घ्यायला. सोसायटीचे सेक्रेटरी बनियनवरच खाली आले.

“कोण हवंय आपल्याला?”

“कोणी नाही. सिग्नल बघतोय.”

“तो इथं राहत नाही.”

“तेच लिहून घेतोय,” कोपरेसाहेब म्हणाले आणि खरंच लिहून घेतलं. सेक्रेटरी वाकून फोनमध्ये बघायला लागले. “घड्याळ आहे होय? वेळ बघायला एवढा सरंजाम? वर आमच्याकडं भिंतीवर आहे, या बघायला, चहा मात्र मिळणार नाही.”

पुण्याबाहेर मांजरी गावात तर त्यांनी आख्खा हंगाम घालवला. ऊस उभा असताना बांधावर उभं राहून मोजायचं, आणि तोडणी झाल्यावर त्याच जागी परत. ओल्या पानांचा ऊस लाटा गिळतो, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या एका शेतकऱ्यानं त्यांना विचारलं होतं, “काय हुडकताय?” यांनी सांगितल्यावर तो म्हणाला, “हितं कशाला उभं ऱ्हाताय? रेंज हाय ती तिकडं लिंबाखाली. समदी तिकडंच जात्यात बोलाया.”

“मला इथलंच हवंय.”

“हितं काय बी येत न्हाई, साहेब.”

“हो. पण ते कुणीतरी येऊन लिहायला हवं ना.”

हा प्रसंग त्यांनी मला दोनदा सांगितला, आणि दोन्ही वेळा शेवटचं वाक्य बोलताना ते फार खूश होते.

आता वहीतल्या खुणांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. प्रत्येक ओळीत जागा, तारीख, वेळ आणि शेवटच्या रकान्यात शून्य ते पाच गुण. पण काही ओळींत त्या रकान्यात आकड्याऐवजी एक लहान गोल असे.

“हे शून्य ना?” मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“नाही नाही. शून्य म्हणजे चित्र आलं, पण बघण्यासारखं नाही. गोल म्हणजे मी गेलो, उभा राहिलो, काहीच आलं नाही. आणि रिकामी चौकट म्हणजे मी गेलोच नाही. या तिन्हींची गल्लत करायची नाही, मॅडम.”

“गोल आणि शून्य दिसायला सारखंच दिसतं हो.”

“मी शून्य वर निमुळतं काढतो. गोल गोल असतो.”

मी मनात म्हटलं, काय हा माणूस. आता वाटतं, तेवढा एकच माणूस नीट होता.

मालकांना हे हिंडणं आवडत नसे. ते परदेशात काम करून आलेले, हुशार आणि घाईचे. त्यांच्या मते चाचणीचे फोनच आपोआप कळवत होते, चित्र कसं येतंय ते. मग माणूस कशाला हिंडवायचा? कोपरेसाहेबांचं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. “साहेब, ज्याला चित्र येतं तोच फोन कळवतो. ज्याला येतच नाही, तो काय कळवणार? आलेल्यांनी हजेरी द्यायची, आणि आपण म्हणायचं वर्ग भरलेला आहे!”

शेवटी तडजोड झाली. मुंबईच्या मोबाइल कंपनीला द्यायच्या अहवालात फोनांनी कळवलेला तक्ता असेल आणि त्याच्या शेजारी कोपरेसाहेबांनी चालत जाऊन भरलेला तक्ता. दोन्हींत फरक दिसला, तर ज्या भागात उणं आहे तिथल्या गच्च्यांवर ती कंपनी लहान प्रक्षेपक बसवणार.

अशा गच्च्यांपैकी एक त्यांना मनापासून हवी होती. ते राहायला विश्रांतवाडीला होते, आळंदी रस्त्यावरून आत उतारावरच्या गल्लीत. घरात ते आणि त्यांची आई. मूळची माणसं नागपूरची. गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार. वर रस्त्यावर चित्र सुरेख येई आणि खाली गल्लीत शिरलं की घड्याळ बंद. कारखान्यांत जाणारी, सरकारी नोकरीतली, नव्यानं कंपन्यांत लागलेली अशी सगळी माणसं त्या उतारावर राहत, आणि आमच्या नकाशावर तो उतार हिरवाच, म्हणजे चित्र पोचणारा, दिसे. त्या गल्लीतल्या प्रत्येक वळणावर उभे राहून त्यांनी दोन पानं गोलांनी भरली होती.

प्रक्षेपणाच्या उद्घाटनाला मोबाइल कंपनीनं एका सभागृहात गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता, राज्यभरातली गायनपथकं बोलावली होती. नागपूरच्या बायकांच्या पथकात त्यांची धाकटी मावशी होती. तिच्यात आणि आईत दीड वर्षाचं अंतर. दोघींनी लहानपणापासून विहारात एकत्र गाणी म्हटलेली. आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला घरापासून विहारापर्यंतच जाता येई. कोपरेसाहेबांनी मालकांच्या मागं लागून विहारासाठी पाच चाचणीचे फोन मिळवले. आई आणि तिच्या बरोबरीच्या बायका तिथं बसून मावशीचं गाणं बघणार होत्या. तीन आठवडे हा माणूस दुसरं बोलत नव्हता. एकदा मला म्हणाले, “आई विचारते, मावशी दिसेल केवढी? मी म्हटलं, काडेपेटीएवढी. तर म्हणाली, पुरे झाली.”

वह्यांवरून तक्ता संगणकावर चढवायचं काम माझं. शेवटच्या रकान्यात संगणक फक्त आकडा घेई. गोल टाकला की खाली सरासरीच्या जागी चूक दाखवी. शून्य टाकायचं नाही हे माझ्या पक्कं डोक्यात. म्हणून मी गोलांच्या जागा तात्पुरत्या रिकाम्या ठेवल्या. नंतर तळटीप द्यायची असं ठरवलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

दोन आठवड्यांनी मालक म्हणाले, अहवाल आज संध्याकाळी मुंबईला गेलाच पाहिजे. मी छापील प्रत बघत होते. तक्त्यात मधेमधे रिकाम्या चौकटी. माझ्या डोळ्यांना ते गृहपाठ अर्धवट ठेवल्यासारखं दिसलं. तोवर मी विसरले होते की त्या मीच रिकाम्या ठेवल्या. मला त्यांचंच वाक्य आठवलं, रिकामी चौकट म्हणजे मी गेलोच नाही. वाटलं, या जागी जायचं त्यांचं राहिलं असेल. विचारावं म्हणून फोन लावला. ते मांजरीला उसात उभे होते. फोनमधल्या बाई मला मराठीत सांगत राहिल्या, आपण संपर्क करत असलेला ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. मी तीनदा लावला. वही कपाटात होती, माझ्यापासून चार पावलांवर. मी उठले नाही. रिकाम्या ओळी काढून टाकल्या, क्रमांक नव्यानं घातले, तक्ता एका पानात सुबक बसला. मला समाधान वाटलं. ते समाधान मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, “अहवाल जायच्या आधी तुम्ही एकदा बघायला हवा होता.”

“तुम्ही केलाय ना मॅडम? मग त्यात काय बघायचं?”

कार्यक्रम दुपारी होता. गच्च्यांवरचे प्रक्षेपक त्याच दिवशी सकाळी बसवून सुरू केले आणि कोपरेसाहेबांना पहाटेपासून सभागृहातल्या यंत्रांपाशी नेमलेलं. तिथं सगळ्यांना आपापले फोन बंद ठेवायला लावले होते. जन्मात पहिल्यांदा त्यांना ‘पोचतंय?’ असं कुणाला विचारता येत नव्हतं.

आम्ही कर्वेनगरात ऑफिसात बसून बघितलं. चित्र इतकं स्वच्छ, की मालकांनी पेढे मागवले. नागपूरचं पथक आलं. डावीकडून दुसऱ्या बाई त्यांची मावशी, हे मला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पांढरं लुगडं, हिरवा काठ, कानावर एक हात. आवाज किंचित चिरका पण पल्लेदार. दुसऱ्या कडव्याआधी त्या थोड्या थांबल्या आणि त्यांनी सरळ कॅमेऱ्याकडं बघितलं. हे सगळं माझ्या टेबलावर, माझ्या हातात, काडेपेटीएवढं आलं. त्या पथकात माझं कुणीही नव्हतं.

विहारात काहीच आलं नाही.

दोन दिवसांनी मुंबईची माणसं बैठकीला आली. मालकांनी आवाज चढवून विचारलं, विश्रांतवाडीच्या गच्चीवर प्रक्षेपक का बसवला नाही? मुंबईच्या साहेबांनी शांतपणे आमचाच अहवाल टेबलावर सरकवला. “आपल्याच इंजिनिअरनं चालत जाऊन काढलेले आकडे आहेत. विश्रांतवाडी, पाचापैकी साडेचार. फोनांचा तक्ताही तेच म्हणतो. मग तिथं कशाला बसवायचा?”

कोपरेसाहेबांनी खांबामागून हात लांब करून अहवाल घेतला. पान उघडलं. आळंदी रस्त्यावरच्या ओळी होत्या; गल्लीतली एकही नव्हती. जिथं त्या असायला हव्या होत्या, तिथं दोन ओळींच्या मधे त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं. मला त्याच क्षणी सगळं आठवलं. वही, गोल, तळटीप, सगळं.

ते म्हणाले, “माझ्याकडून राहिलं.”

“म्हणजे?” मालक म्हणाले. “तुम्ही गेलाच नव्हता तिथं? तुमच्या स्वतःच्या घरापाशी?”

“माझ्याकडून राहिलं, साहेब.”

माझ्यापुढं टिपणवही होती. बैठकीची नोंद करायचं काम माझं, म्हणून मी तेही लिहून घेतलं.

बैठकीनंतर मी त्यांच्या कोपऱ्यात गेले. ते एका नव्या वहीला कव्हर घालत होते. मी म्हटलं, “अहो, ते मी...” त्यांनी मान वर न करता विचारलं, “तुमचं कंत्राट मार्चमध्ये नवं होणार ना मॅडम? मुलगा शिकायला बाहेर निघालाय म्हणत होतात.”

तुमचा बाबा तेव्हा खरंच निघाला होता. मी स्वतःला बरीच वर्षं हेच कारण सांगितलं. पण तुम्हाला खोटं सांगायचं नाही असं ठरवून बसले आहे. कंत्राट गेलं असतं तरी आमचं अडलं नसतं. माझ्या कामात चूक सापडली, असं त्या खोलीत कुणी म्हणालेलं मला ऐकायचं नव्हतं. एवढंच होतं ते. नंतरही मला मालकांकडं जाता आलं असतं. दार चार पावलांवर होतं, त्या कपाटाइतकंच.

त्यांनी महिन्याभरात नोकरी सोडली. आपल्याच गल्लीत न जाता गुण भरणारा माणूस, असं ऑफिसात हसून बोललं जाई. सेक्रेटरीचा ‘तो इथं राहत नाही’ हा विनोद आता त्यांच्यावर होऊ लागला. चालत मोजायचं बंद झालं. फोनांचा तक्ता पुरेसा आहे, हे त्यांच्याच नावानं सिद्ध झालं होतं. जाताना त्यांनी सगळ्या वह्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. “तुमच्याकडं नीट राहतील.” यात टोमणा होता का, याचा मी फार विचार केला आहे. नव्हता. ते टोमणे मारत नसत. पुण्यात इतकी वर्षं राहूनही त्यांना ते जमलं नव्हतं.

ते आईला घेऊन नागपूरला परत चालले आहेत असं कळलं, तेव्हा मी विश्रांतवाडीला गेले. पुण्यात जन्म गेला माझा, पण त्या उतारावर मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरले. गल्लीच्या पहिल्या वळणावर माझ्या फोनवरच्या सिग्नलच्या काड्या गेल्या. हे वळण मी वहीत वाचलेलं होतं. पुढची वळणंही एकेक करून ओळखू आली.

ते घरी नव्हते, सामानासाठी टेम्पो ठरवायला गेले होते. आई पलंगावर बसल्या होत्या, बाजूला बांधलेली बोचकी. मी ऑफिसातली म्हटल्यावर त्यांनी शेजारणीला हाक मारून चहा ठेवायला लावला.

“बसा ना जी. तुमचं नाव लई घेते तो. म्हणते, मॅडमच्या हातचं काम म्हणजे पाहाच लागत नाही.”

मी म्हटलं, “त्या दिवशी विहारात...”

“हाव, बसलो ना आमी. वीस-बावीस जणी. धुतलेली लुगडी नेसून. दोन तास पाह्यत बसलो त्या फोनाकडं. येते आता, येते आता. कोणी म्हणे बटन चुकलं, कोणी म्हणे हात ओला हाय. आमाले वाटलं, आमचंच काही चुकलं. कोणाले विचारावं? लाज वाटली जी.” त्या हसल्या. “घरी येऊन तो म्हणे, आई, माझंच राहिलं. म्हटलं, असू दे बापा. त्यात काय एवढं.”

चहा आला. मी कप हातात घेतला आणि ठरवलं, हा संपला की सांगायचं.

त्यांनी विचारलं, “तुमच्या तिकडं आलं व्हतं काय?”

“हो.”

“मंग तुमाले दिसली काय माही बहीण? कशी गायली व?”

मी सांगितलं. हिरवा काठ, कानावरचा हात, सगळं सांगितलं. त्यांनी गाणं कोणतं ते विचारलं. मला धृपदाचे शब्द आठवत होते, ते म्हणून दाखवले. दुसऱ्या कडव्याआधी त्या जरा थांबल्या आणि समोर बघितलं, हेही सांगितलं.

“ते कडवं माहं असे,” त्या म्हणाल्या. “ती थांबे न मी उचलू.”

मग त्यांनी माझा कप संपलेला बघून आणखी चहा घ्या म्हणून आग्रह केला. मी उठले. दारात थांबले. खरंच थांबले, चप्पल घालून झाल्यावरही थांबले. आणि येते म्हणून निघाले. गल्ली चढून वर रस्त्यावर आले, तेव्हा फोनवर काड्या पुन्हा दिसायला लागल्या.

ती कंपनी पुढं बंद झाली. आता तुम्ही दोघं जे बघता ते प्रत्येकाला वेगळंच येतं. मोठ्या सामन्याच्या दिवशी सगळ्यांची चित्रं एकदम अडकली, की मला त्या घड्याळाची आठवण होते. त्यांना नागपूरच्या पत्त्यावर मी एक पत्र पाठवलं होतं, माझी नोकरी संपल्यावर. त्यात हे सगळं लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. पोचलं नाही, की पोचून उत्तर द्यावंसं वाटलं नाही, हे मला कळायला मार्ग नाही. पत्राची ती चौकट मी रिकामी ठेवली आहे; तिथं मी स्वतः गेलेच नाही.

पण विश्रांतवाडीच्या वहीत शेवटची काही पानं कोरी होती. आज हे लिहायला बसण्याआधी मी त्यात एक ओळ भरली. जागा, त्यांच्या घराचं दार. तारीख जुन्या डायरीत सापडली. वेळ दुपारची. शेवटच्या रकान्यात शून्य लिहिणं बरोबर झालं नसतं, आणि रिकामं सोडणं तर खोटंच झालं असतं. मी गेले होते, उभी राहिले होते. मी तिथं गोल काढला, वर निमुळता होणार नाही याची काळजी घेऊन.